बंदुकीच्या दारूची निवड : डहाणू–तलासरी परिसराच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

१

लष्करी इतिहासाच्या आपल्या अभ्यासात किल्ला, तोफ, घोडदळ आणि सेनापती यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे बंदुकीच्या दारूस मिळालेले नाही. मोहिमेचे वर्णन करताना ‘दारूगोळा’ हा सामासिक शब्द वापरून लेखक पुढे जातो. त्यांतील गोळा कोणत्या वजनाचा होता याची चौकशी क्वचित होते, आणि दारू कोणत्या जातीची होती याची तर होतच नाही. वास्तविक तोफ वा बंदूक हे केवळ पात्र होय. त्या पात्रात जे भरले जाते त्याच्या गुणावर नेम, पल्ला आणि बार करणाऱ्याचा जीव ही तिन्ही अवलंबून असतात. म्हणून ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याच्यापुढे सर्व काळी एक प्रश्न उभा राहत आला आहे : ह्या शस्त्रास, ह्या कामासाठी, कोणती दारू घालावी?

रिव्हॉल्वरने लक्ष्यवेध करणारा आणि आपली काडतुसे स्वतः भरणारा आजचा परदेशी नेमबाज हाच प्रश्न विचारीत असतो. अठराव्या शतकात उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर तोड्याची बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाचाही प्रश्न हाच होता. ह्या दोन टोकांमध्ये निवडीचा अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हे डहाणू व तलासरी ह्या परिसरापासून आरंभ करून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा परिसर निवडण्याचे कारण असे की, पोर्तुगीज ठाणी, मराठ्यांची मोहीम, इंग्रजी अंमलातील नि:शस्त्रीकरण आणि वारल्यांचा लढा हे चारही टप्पे येथे थोड्या अंतरात एकत्र सापडतात.

२

प्रथम द्रव्याचा विचार करू. जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा या तीन पदार्थांचे मिश्रण असून त्यांत सोऱ्याचा भाग सुमारे तीन-चतुर्थांश असतो. सोऱ्यासाठी हिंदुस्थानाची, विशेषतः बिहारची, ख्याती युरोपापर्यंत होती. गंधक बहुतांशी बाहेरून आणावा लागे. राहता राहिला कोळसा. तो सर्वत्र मिळतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु दारूचा गुण ठरविण्यात त्याचा वाटा लहान नाही.

दारूस लागणारा कोळसा हलक्या व मऊ लाकडाचा असावा लागतो. साग, खैर यांसारख्या जड लाकडाचा कोळसा भट्टीस उत्तम, पण दारूस तो मंद ठरतो. हिंदुस्थानात या कामी तुरीच्या तुऱ्हाट्या, रुई, अडुळसा, शेवरी यांसारख्या वनस्पतींचा कोळसा वापरला जात असे. डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागाची ओळख जंगलाचा आणि कोळशाच्या भट्ट्यांचा मुलूख अशी आहे. त्यामुळे हा प्रदेश दारूच्या कोळशाचाही पुरवठा करीत असला पाहिजे, असा तर्क सहज सुचतो. तो पुराव्यावाचून स्वीकारू नये. भट्टीचा कोळसा आणि दारूचा कोळसा ही दोन भिन्न द्रव्ये आहेत. जंगलाची समृद्धी ही दारूची समृद्धी नव्हे. उलट, तुरीचे शेत असलेले देशावरचे एखादे गाव ह्या दृष्टीने सागाच्या रानापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

दुसरा गुण दाण्याचा. तिन्ही पदार्थांची केवळ भुकटी केली, तर ती वाहतुकीत थरांनी वेगळी होते, लवकर सर्दते आणि कधी मंद तर कधी एकदम जळते. ओलवून, दाबून व फोडून तिचे दाणे केले की ज्योत दाण्यांमधील पोकळीतून फिरते. दाणा जळतो तो पृष्ठभागावरून. म्हणून त्याच वजनात बारीक दाण्याची दारू भराभर आणि जाड दाण्याची सावकाश जळते. मोठ्या तोफेत बारीक दारू घातली तर गोळा हलण्यापूर्वीच दाब वाढून तोफ फुटण्याचे भय; उलट बंदुकीत जाड दारू घातली तर गोळी बाहेर पडेपर्यंत ती पुरती जळत नाही. कानावर घालावयाची रंजक सर्वांत बारीक, बंदुकीची त्याहून जाड आणि तोफेची त्याहून जाड, हा क्रम या नियमातून आलेला आहे. ‘रंजक’ ह्या कार्यास मराठीत स्वतंत्र शब्द असावा, यावरूनच दारूची निवड हा आपल्याकडे परिचित व्यवहार होता, हे दिसून येते.

तिसरा गुण कोरडेपणाचा, आणि कोकणात तो पहिला मानला पाहिजे. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी जो उपदेश केला आहे, तो ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, भोवती निरगुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, तळघरात गच्ची करून माच घालावी व तीवर दारूची मडकी ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आठपंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष माल बाहेर काढून त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा, असा त्याचा आशय आहे. ह्या तपशिलात ग्रंथकाराचा अनुभव बोलतो. सर्दलेल्या दारूचा बार हवेत विरतो. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आज आपण भाषणांस आणि आश्वासनांस लावतो. पण त्याचे मूळ अशाच ओल्या दारूत आहे, आणि किल्ल्यावर त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जात होती.

३

आता प्रत्यक्ष मोहिमेकडे वळू. सोळाव्या शतकापासून वसईपासून दमणपर्यंतचा किनारा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही किनाऱ्यावरची ठाणी आणि आत अशेरीचा डोंगरी किल्ला, अशी ही साखळी होती. पोर्तुगीज सत्तेस दारूचा पुरवठा करणारे मोठे केंद्र गोव्यात होते. जुन्या गोव्याजवळ पानेली येथील दारूच्या कारखान्याची जागा इतकी प्रसिद्ध होती की, सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉयांनी जुने शहर सोडून तेथे वास्तव्य केले, तेव्हाही त्या वाड्यास ‘दारूचे घर’ ह्याच अर्थाचे नाव चालू राहिले. यावरून डहाणूसारख्या उत्तरेकडील ठाण्याची नाजूक स्थिती ध्यानात येते. त्याचा मुख्य आधार शेकडो मैल दक्षिणेस होता. समुद्रमार्ग तुटला किंवा वसई अडली, की शिल्लक साठ्यावर दिवस काढणे भाग होते.

चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. साष्टी व ठाणे त्याच वर्षी हाती आले. उत्तरेकडील ठाण्यांचा निकाल १७३९ च्या आरंभी लागला. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू, तारापूर अशी ठाणी एकामागून एक पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाले. त्यानंतर सर्व बळ वसईवर आले, आणि मे १७३९ मध्ये वसईने शरणागती पत्करली. इंग्रजी व पोर्तुगीज साधनांतील तारखांत त्या काळच्या दोन पंचांगांमुळे अकरा दिवसांचा फरक येतो. तो ध्यानात न घेतल्यास घटनाक्रम उलटासुलटा होतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

वसईचा तट शेवटी फोडला तो सुरुंगांनी. येथे दारूच्या निवडीचा आणखी एक प्रकार समोर येतो. सुरुंगाच्या दारूस बंदुकीच्या दारूसारखा नेमका दाणा लागत नाही. तिला परिमाण लागते, कोरडी जागा लागते आणि बत्ती वेळेवर पोचावी लागते. वसईच्या हल्ल्यात काही सुरुंग वेळेवर उडाले, तर एक उशिरा उडून खिंडाराकडे धावलेल्या मराठ्यांचीच प्राणहानी झाली. समुद्रकिनाऱ्याच्या पाणथळ भूमीत खणलेल्या सुरुंगात दारू कोरडी राखणे किती अवघड होते, याची ह्या घटनेवरून कल्पना यावी.

ह्याच ठिकाणी एक अनुमान मांडावेसे वाटते. हल्ल्याची घाई मे महिन्यात का झाली, याचे स्पष्टीकरण सामान्यतः राजकीय कारणांनी दिले जाते. उत्तरेतून नादिरशाहाच्या स्वारीच्या बातम्या येत होत्या, हे खरेच आहे. परंतु त्यास ऋतूचे कारण जोडणे आवश्यक आहे. जूनमध्ये उत्तर कोकणात पाऊस सुरू झाला, की खंदक भरतात, सुरुंग बुडतात, तोडे विझतात आणि दारू सर्दते. उलट पक्षी तटाआडच्या दारूखान्यात बसलेल्या शत्रूचा साठा कोरडा राहतो. म्हणजे पाऊस पडताच दोन्ही पक्षांच्या दारूची योग्यता विषम होणार होती. वेढा घालणाऱ्यास जे दिवस उरले होते ते आकाशाने मोजून दिलेले होते. किल्ला शर्थीने घेतला गेला, ह्यात शंका नाही. ती शर्थ ज्या मुदतीशी होती ती मुदत मात्र अंशतः दारूने घातलेली होती.

४

येथवर दारू पारखणारा आणि दारू वापरणारा हे परस्परांच्या जवळ होते. गोलंदाज चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर जाळून पाहू शके. कागद न करपता ती झटकन उडाली व मागे मळ राहिला नाही, तर ती चांगली; काजळी आणि कण मागे राहिले, तर मिश्रण कच्चे किंवा सर्द. शिपाई शिंगड्यातून दारू मापून घेई, गजाने ठाशी आणि आपल्या बंदुकीचा स्वभाव ओळखून माप कमीजास्त करी. कोकणात ‘ठासणीची बंदूक’ ह्या नावाने हा व्यवहार पुढेही दीर्घकाळ चालू राहिला.

१८१८ नंतर इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि दोन दिशांनी हे स्वातंत्र्य आटत गेले. पहिली दिशा कायद्याची. १८५७ च्या उठावानंतर नि:शस्त्रीकरणाचे धोरण कडक झाले आणि १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने परवान्यावाचून शस्त्र व दारूगोळा बाळगणे हा गुन्हा ठरला. डहाणूच्या मुलखात परवान्याची बंदूक जमीनदाराच्या आणि अधिकाऱ्याच्या घरी राहिली. वारल्याच्या हाती तीरकामठा व कोयता उरला. दुसरी दिशा कारखान्याची. मुंबईत माझगावच्या ‘गनपावडर रोड’ ह्या नावात कंपनीच्या काळातील दारूखान्याची आठवण शिल्लक आहे. पुढे १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. धातूच्या पुंगळीत टोपी, दारू आणि गोळी एकत्र बंद करणारे काडतूस आले, आणि दारू मापणारा हात शिपायाच्या अंगापासून तुटून कारखान्यात गेला.

ह्या तुटीचा अर्थ तलासरीच्या इतिहासात रक्ताने लिहिला गेला आहे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा मे १९४५ मधील झरी येथील परिषदेपासून संघटित झाला; गोदावरी परुळेकर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात त्याची हकीकत आली आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलासरीनजीक तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तो गोळीबार कारखान्यात भरलेल्या काडतुसांचा होता. ज्याने ती दारू निवडली त्याने तलवाडा पाहिलेले नव्हते, आणि ज्याने चाप ओढला त्यास पुंगळीत काय आहे हे जाणण्याची गरज नव्हती. १७३९ मध्ये दोन्ही पक्षांकडे दारू होती व दोघांनाही ती सर्दण्याची भीती होती. १९४५ मध्ये एका पक्षाकडे सर्व ऋतूंत सारखी उडणारी दारू होती आणि दुसऱ्याकडे मुळीच नव्हती. दोन शतकांतील फरक एवढ्या एका वाक्यात सांगता येतो.

५

ह्याच मध्यंतरी दारूचे स्वरूपही पालटले होते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्ह्येय याने बिनधुराची दारू सिद्ध केली. १८८७ मध्ये नोबेलचे बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये इंग्लंडात ॲबेल व ड्यूअर यांचे कॉर्डाइट आले. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरवंकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना निघाला. काळी दारू जळाल्यावर तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने मागे राहतो. हा मळ रिव्हॉल्वरला विशेष बाधक. कारण फिरते चक्र आणि नळी यांमधील फटीत तो साचला की चक्र अडू लागते. नव्या दारूने हा दोष गेला, पण एक नवी अडचण आली.

काळ्या दारूची शक्ती तिच्या आकारमानाच्या मानाने कमी असल्यामुळे पुंगळी तोंडापर्यंत भरावी लागे. नवी दारू त्याच कामास फारच थोडी लागते. म्हणजे जुन्या मापाच्या पुंगळीत बरीचशी पोकळी राहते. काडतूस आडवे असता ही थोडी दारू कधी टोपीकडे तर कधी गोळीकडे सरकते, आणि त्याप्रमाणे पेट घेण्याची रीत बदलून गोळीचा वेग कमीजास्त होतो. ब्रिटिश लष्कराच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्वरचे काडतूस ह्याचे उत्तम उदाहरण होय. ते प्रथम काळ्या दारूसाठी आखले गेले, १८९४ मध्ये त्याच पुंगळीत कॉर्डाइट घालण्यात आले, आणि १८९७ मध्ये पुंगळीच आखूड करण्यात आली. कारण लहान जागेत कॉर्डाइट अधिक समान जळते, असे अनुभवास आले. दारूने येथे पुंगळीचे माप बदलविले. इतिहासात द्रव्य हे साधनास कसे वळवते, याचा असा स्पष्ट पुरावा दुर्मिळ आहे.

लक्ष्यवेधी काडतूस भरणाऱ्याचे आजचे सर्व विचार ह्या एका अडचणीभोवती फिरतात. रिव्हॉल्वरची नळी आखूड, पुंगळी लहान आणि लक्ष्यवेधास लागणारा वेग माफक. म्हणून दारू लवकर जळणारी हवी. अमेरिकेत १८९८ मध्ये निघालेली ‘बुल्सआय’ ही दारू ह्या वर्गातली असून तिच्या नावातच लक्ष्याचा मध्यबिंदू आहे. परंतु लवकर जळणारी दारू इतकी थोडी लागते की, चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते आणि वरून कळत नाही. अशा काडतुसाने शस्त्र फुटते. म्हणून काही जाणते नेमबाज अशी दारू पसंत करतात, की जी फुगीर असल्यामुळे दुसऱ्यांदा पडल्यास पुंगळीबाहेर सांडेल. कोणी माप सारखे पडावे म्हणून बारीक दाणा घेतो, कोणी पोकळी भरावी म्हणून चपटे पापुद्रे घेतो. जोर मोठा हवा ही मागणी लक्ष्यवेधात नसतेच. हवा असतो तो सारखेपणा, एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत. कागदावर चिमूट जाळून पाहणाऱ्या गोलंदाजास हे तारतम्य परके वाटले नसते.

६

भारतात मात्र हा विचार बहुतांशी कारखान्यापुरता राहिला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही घेतली असून निर्मितीस परवाना आवश्यक केला आहे. त्यामुळे परदेशी नेमबाज घरच्या मेजावर जी निवड करतो, ती येथील नेमबाजास सहसा करता येत नाही. तो तयार काडतुसांच्या निरनिराळ्या खेपा झाडून पाहतो आणि आपल्या शस्त्रास मानवणारी खेप निवडतो. नळकांड्यातील दारूऐवजी खोक्यावरील खेपक्रमांक, असे निवडीचे स्थानांतर झाले आहे.

ह्या बंधनात राहूनही महाराष्ट्राने नेमबाजीत जे मिळविले ते लहान नाही. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली व लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक होत. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांच्या वाटचालीतील पायरी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. खडकीचा कारखाना २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीचा भाग आहे. दारू पारखण्याची जबाबदारी कारखान्यावर गेल्याने तिचा धोका नाहीसा झाला, असे मात्र समजू नये. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील आयुधनिर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगारांचे प्राण गेले. अमात्यांनी दारूखान्याभोवती निरगुडीचे कुंपण सांगितले होते. त्यामागची धास्ती आजही तितकीच खरी आहे.

७

ह्या विवेचनातून अभ्यासकांसाठी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दप्तरातील नोंदीत ‘दारू’ हा शब्द आला, म्हणजे ती तोफेची, बंदुकीची, रंजकीची की सुरुंगाची, हा प्रश्न विचारावा. केवळ वजनांची बेरीज करून दोन सैन्यांची तुलना केल्यास ती फसवी ठरते. जाड दाण्याची दारू कोठारात विपुल असूनही बंदुका निरुपयोगी राहू शकतात. दुसरा असा की, नोंदीचा महिना पाहावा. ज्येष्ठातील आणि मार्गशीर्षातील दारू कोकणात एकाच गुणाची नसते. तिसरा असा की, पुरवठ्याचा मार्ग नकाशावर काढावा. डहाणूचे ठाणे पडले ते तटाच्या कमकुवतपणामुळे किती आणि आधारापासून तुटल्यामुळे किती, हे त्याशिवाय सांगता येणार नाही.

चौथा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. दारू निवडण्याचे ज्ञान ज्याच्याकडे असते त्याच्याकडे काही अंशी सत्ताही असते. ते ज्ञान शिपायाकडून कारखान्याकडे आणि कारखान्याकडून शासनाकडे गेले. त्यात सुरक्षितता वाढली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच प्रक्रियेत एक संपूर्ण समाज शस्त्राच्या एकाच बाजूस, म्हणजे नळीच्या तोंडासमोर, उभा राहिला. डहाणूच्या खाडीकाठचा पडका तट आणि तलवाड्याचे माळरान ही स्थळे एका दिवसाच्या प्रवासात पाहून होतात. पहिल्याचा इतिहास आपण मोहिमेच्या प्रकरणात लिहितो आणि दुसऱ्याचा चळवळीच्या. दारूचा मागोवा घेतला तर हा एकच इतिहास आहे, असे दिसून येईल. आणि तो तसा लिहिण्याची वेळ आली आहे.